जुलाब का लागतात? आतड्यातल्या ‘सेरोटोनिन’चं काम समजून घ्या

आसनगाव : पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर जुलाब-उलट्यांची धास्ती असते. अशा वेळी आतड्यात नेमकं काय होतं?

सेरोटोनिन हे रसायन मेंदूचं म्हणून ओळखलं जातं. पण शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्याच्या अस्तरात तयार होतं. अन्नाचा दाब पडला की ते सुटतं आणि नसांना निरोप जातो. मग मागचा भाग आवळतो, पुढचा सैल होतो. असं करत अन्न सुमारे ६ मीटर लांब लहान आतड्यातून पुढे सरकतं.

कॉलरा किंवा रोटाव्हायरस झाला की हेच रसायन जास्त सुटतं. आतड्यात पाणी सुटतं, जुलाब होतात. निरोप मेंदूपर्यंत गेला की उलटीही होते.

जुलाब थांबवायच्या गोळ्या लहान मुलांना मनाने देऊ नका. हालचाल थांबली तरी जंतू आतच राहतात. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळून थोडं थोडं पाजा. अंगावरचं दूध चालू ठेवा. झिंकच्या गोळ्या आशाताईंना विचारून १४ दिवस द्या. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, पोर मलूल पडलं, तर लगेच १०८ ला फोन करा.