गोधडीचे मोल

रायपुरातील मराठी घरांतली गोधडी आणि छत्तीसगढी घरांतली कथरी या सख्ख्या बहिणीच होत. जुन्या लुगड्यांना नवे आयुष्य देणारी ही कला घरच्या घरी सहज साधते.

धुऊन वाळवलेली सुती वस्त्रे एकावर एक पसरावीत, सुरकुत्या काढून प्रथम मोठे कच्चे टाके घालावेत आणि मग कडेकडून आत येत धावदोऱ्याची बारीक शिवण घालावी. थरांमध्ये कोंडलेली हवा ऊब धरून ठेवते. कोरे कापड न धुता वापरल्यास ते पुढे आटते व गोधडीला चुण्या पडतात. मऊ लुगड्याचे दुपटे ही बारशाची उत्तम भेट होय.

विक्रीची वेळ आली की मात्र अनेक भगिनी केवळ अस्तराचे व दोऱ्याचेच पैसे सांगतात. समजा, साहित्यास ३०० रुपये व शिवणीस ४० तास लागले. ताशी ५० रुपये धरले तरी मजुरी २,००० रुपये होते. म्हणजे २,३०० रुपयांखालची किंमत हा तोटाच.

यास्तव खर्च, तास व विक्री यांची नोंद वहीत ठेवावी आणि रक्कम स्वतःच्या बचत खात्यात भरावी. व्याप वाढवायचा असल्यास २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी तारणाविना अर्ज करता येतो. तेव्हा हीच वही आपल्या व्यवसायाची साक्ष देईल.

भेट देताना मायेचा हिशेब मांडू नये. विकताना श्रमाचा हिशेब सोडू नये.