स्फोट पोटात घेणारी पेटी

बुलढाणा जिल्ह्याचे खरिपातील मुख्य पीक असलेल्या सोयाबीनच्या दाण्यात सुमारे 18 ते 20 टक्के तेल असते आणि ते नुसते दाबून पुरते निघत नसल्यामुळे सॉल्व्हंट कारखान्यात हेक्झेन या द्रावकाच्या साह्याने वेगळे केले जाते. हेक्झेनची वाफ हवेपेक्षा सुमारे तिप्पट जड असल्याने ती खड्ड्यांत आणि केबलच्या चरांत साचते, आणि हवेतील तिचे प्रमाण सुमारे एक टक्क्यावर गेले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

म्हणून अशा जागी स्विच व मोटारी ‘फ्लेमप्रूफ’, म्हणजे ज्वालारोधक पेटीत बसवतात. ही पेटी हवाबंद असते, हा समज मात्र चुकीचा आहे. वाफ आत शिरेल आणि तिथेच पेटेल, हे गृहीत धरूनच ती घडवलेली असते. तिच्या जाड भिंती स्फोटाचा दाब सोसतात आणि झाकणाखालच्या अतिशय अरुंद फटीतून बाहेर पडताना तप्त वायू इतके निवतात, की बाहेरची वाफ पेटत नाही. साहजिकच झाकणाचा एक बोल्ट नसला किंवा पावसाचे पाणी अडवण्याच्या सद्हेतूने कोणी त्या फटीत रबराची पट्टी घातली, तरी फटीचे माप बिघडते आणि पेटीचे संरक्षण संपते.

आयईसी 60079-17 या आंतरराष्ट्रीय मानकात तपासणीच्या तीन पायऱ्या आहेत. गायब बोल्ट, तडकलेली काच, केबलचे उघडे राहिलेले छिद्र असे हत्याराविना नजरेला दिसणारे दोष दृश्य तपासणीत टिपले जातात; सैल बोल्ट पान्याशिवाय कळत नाही, म्हणून तो जवळून केलेल्या तपासणीत सापडतो; आतील सैल जोडणीसाठी पेटी उघडावीच लागते. यांपैकी पहिली पायरी सर्वांत स्वस्त आहे, आणि ती टाळण्याला कोणतेही समर्थन नाही.

नजरेने वाचायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नामपट्टी. तिच्यावरील ‘टी 3’ या खुणेचा अर्थ उपकरणाचा पृष्ठभाग 200 अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापणार नाही असा असून हेक्झेनची वाफ सुमारे 225 अंशांना ठिणगीविनाही पेटते. परंतु वेगळा आकडा दिलेला नसेल, तर ही हमी भोवतालची हवा उणे 20 ते 40 अंशांत असेपर्यंतच लागू असते. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा 40 ओलांडतो. तिथे नामपट्टीवर भोवतालच्या तापमानाची वाढीव मर्यादा कोरलेली आहे का, हे पाहणे अनिवार्य ठरते आणि रंगकामात ती पट्टीच रंगवली गेली असेल, तर तोही दोष म्हणूनच नोंदवावा लागतो.