दोन घड्याळं, एक काम

मे २०२५ मध्ये भारतातून विमानानं अमेरिकेला गेलेल्या आंब्याच्या पंधरा खेपा लॉस एंजलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथल्या विमानतळांवर अडल्या. तक्रार फळाबद्दल नव्हती. नवी मुंबईत वाशीच्या केंद्रात त्यावर विकिरण प्रक्रिया झाली होती, तीही अमेरिकी कृषी खात्याच्या निरीक्षकाच्या देखरेखीखाली. घोडं अडलं ते त्या प्रक्रियेची नोंद करणाऱ्या फॉर्मवर. कागदपत्रांत त्रुटी आहेत, माल परत न्या किंवा इथंच नष्ट करा, असं निर्यातदारांना सांगण्यात आलं. आंबा परतीचा प्रवास सोसत नाही आणि भाडंही परवडत नाही, म्हणून तो तिथंच नष्ट करावा लागला. नुकसानीचा अंदाज सुमारे पाच लाख डॉलरचा होता.

बातमी आंब्याची असल्यामुळे रत्नागिरीत ती लगेच कळते. पण तिच्या मुळाशी असलेली अडचण इथल्या आणखी एका मोठ्या वर्गाच्या रोजच्या ओळखीची आहे. वाशीत दुपार असते तेव्हा लॉस एंजलिसमध्ये मध्यरात्र उलटलेली असते. इथं काम करणारा तिथं शंका फेडायला हजर नसतो. तिथल्या माणसाच्या हाती उरतो तो कागद, आणि कागदावर जे नाही ते घडलेलंच नाही असं तो धरतो. पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत बसून न्यूयॉर्कच्या बँकेचं किंवा लंडनच्या विमा कंपनीचं काम करणारी कोकणातली मुलं-मुली रोज याच कसोटीतून जातात. फिनोलेक्स अकादमीचं अभियांत्रिकी महाविद्यालय रत्नागिरीत १९९६ साली सुरू झालं, पाठोपाठ देवरुखजवळ आंबवला राजेंद्र माने महाविद्यालय आलं. तिथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांपैकी अनेकांचा साहेब आज सात समुद्रांपलीकडे आहे.

लांबच्या माणसाशी थोडक्या शब्दांत व्यवहार करणं या जिल्ह्याला नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या कामगारांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता, आणि गावाकडची घरं त्यांच्या मनीऑर्डरवर चालत. मनीऑर्डरच्या फॉर्मवर निरोपासाठी बोटभर जागा असे. पैसे कशाला, किती कोणाला द्यायचे, लावणीला येणं जमणार की नाही, हे सगळं त्या जागेत बसवावं लागे. पावसाळ्यात किनाऱ्यावरची बोट बंद झाली की पुढचा खुलासा आणखी लांबे. त्यामुळे लिहिणारा विचार करून लिही आणि वाचणारा पुन्हापुन्हा वाचून घेई.

दोन घड्याळांचा त्रासही त्याच कामगारांनी पाहिला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. गिरण्यांची घड्याळं पुढे सरकवली तेव्हा हजारो कामगारांनी काम थांबवलं, दगडफेकही झाली. भोंगा अंधारात वाजणार, झोप आपली मोडणार आणि हा निर्णय घेताना आपल्याला कोणी विचारलं नाही, हा तो राग होता. मुंबई महापालिकेनं जुनी वेळ पुढची कित्येक दशकं सोडली नाही. वेळ कोणाची पाळायची हा प्रश्न सत्तेचाही असतो, हे तेव्हाच दिसलं होतं.

परदेशाचं काम भारतात करून देण्याच्या आजच्या धंद्याची पहिली तालीम मात्र एका राहत्या घरात झाली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नरेंद्र पटणी आणि त्यांच्या पत्नी पूनम अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला राहत होते. अमेरिकेतला छापील मजकूर भारतात पाठवून संगणकाला वाचता येईल अशा रूपात उतरवून घ्यायचा, अशी त्यांची कल्पना होती. ती चालेल का हे पाहण्यासाठी त्यांनी घरातल्या एका खोलीला अमेरिका ठरवलं आणि दुसरीला भारत. नियम एकच, तोंडानं बोलायचं नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाईल ती फक्त लेखी सूचना. जिथं काम चुकलं तिथं सूचना अपुरी होती असं समजायचं आणि ती पुन्हा लिहायची. त्यानंतर पुण्यात प्रत्यक्ष काम सुरू झालं. मुली-मुलं यंत्रावर मजकूर टंकित करत, तो कागदी पट्टीवर छिद्रांच्या रूपात उमटे आणि त्या पट्ट्या विमानानं अमेरिकेला जात.

या प्रयोगाचं मोल अजून पुरतं ओळखलं गेलेलं नाही. नवरा-बायको भिंतीच्या दोन बाजूंना बसलेले असताना त्यांनी मुद्दाम हजारो मैलांचं अंतर निर्माण केलं, कारण चूक कुठं होते ते त्यांना आधी शोधायचं होतं. आज व्हिडिओ कॉल हाताशी असलेल्या कित्येक कंपन्या ही तालीम करत नाहीत.

पुढचा इतिहास वेगानं घडला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनं फकीरचंद कोहलींच्या नेतृत्वाखाली १९७४ मध्ये बरोज या संगणक कंपनीचं काम घेतलं. रुग्णालयाच्या हिशेबाची प्रणाली एका जातीच्या संगणकावरून दुसऱ्या जातीच्या संगणकावर न्यायची होती, आणि मुंबईतल्या अभियंत्यांनी ती वेगळ्याच यंत्रावर बसून बदलली. पटणींकडे सॉफ्टवेअर विभाग सांभाळणारे नारायण मूर्ती १९८१ मध्ये सहा सहकाऱ्यांसह बाहेर पडले आणि पुण्यात इन्फोसिस उभी राहिली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बंगळुरूला आली, उपग्रहाचा दुवा घेऊन. टेप विमानानं पाठवण्याची गरज हळूहळू संपली. वर्ष २००० च्या तारखेचा घोळ निस्तरण्यासाठी जगाला माणसं हवी होती, तेव्हा भारत तयार होता.

‘तुम्ही झोपा, आम्ही काम करतो’ ही त्या काळातली जाहिरात होती. अमेरिकेनं संध्याकाळी प्रश्न ठेवावा आणि सकाळी उत्तर तयार असावं. ठरलेल्या, रेखीव कामात हे खरंही ठरलं. पण जेम्स हर्ब्सलेब आणि ऑड्रिस मॉकस या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वेगळंच सांगतो. एकाच जागी होणाऱ्या बदलापेक्षा दोन-तीन ठिकाणांत विभागलेल्या तशाच बदलाला सुमारे अडीचपट वेळ लागत होता. मुख्य कारण असं की लांबच्या कामात जास्त माणसं गुंतत होती. हे कोणाला विचारायचं, हेच आधी शोधावं लागे.

त्याचं गणित साधं आहे. पुण्यातल्या मुलीनं सकाळी अकराला शंका लिहिली. न्यूयॉर्कचं कार्यालय उघडेपर्यंत इथं उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजतात. उत्तर आलं, पण प्रश्न नीट कळला नव्हता म्हणून तेही अर्धवट आलं. पुन्हा लिहिलं, की दुसरा दिवस गेला. समोरासमोर पाच मिनिटांत सुटणारी गाठ तीन दिवस तशीच राहते.

म्हणून घड्याळाला दोष देणं सोपं वाटतं. ते पूर्ण खरं नाही. एअरबसच्या ए-३८० विमानाच्या तारांची जुळवणी जर्मनीतल्या हॅम्बुर्ग आणि फ्रान्समधल्या तुलूज इथल्या गटांनी आखली होती. दोन्ही शहरांत एकच वेळ. पण आराखड्याच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती दोन्हीकडे वेगवेगळी होती, तारा प्रत्यक्षात पुरल्या नाहीत आणि २००६ मध्ये विमानाचं वेळापत्रक कोसळलं. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ नष्ट झालं. डेन्व्हरच्या कंत्राटदाराचं सॉफ्टवेअर जोराचं माप पौंडांत देत होतं, पॅसाडिनाचे शास्त्रज्ञ ते न्यूटनमध्ये आहे असं धरून चालले होते. या दोन गावांच्या घड्याळांत फरक फक्त एका तासाचा, आणि भाषा एकच. जे ‘सगळ्यांना माहीतच आहे’ म्हणून कोणी लिहिलं नाही, तिथंच काम मोडलं.

भारतीय बाजूचा एक दोषही स्पष्ट सांगायला हवा. बैठकीत साहेबानं विचारलं, शुक्रवारपर्यंत होईल ना? मान डोलते. होणार नाही हे टीममधल्या तिघांना ठाऊक असतं, पण मोठ्यांच्या समोर नकार देणं उद्धटपणाचं वाटतं आणि गिऱ्हाईक नाराज होईल ही भीतीही असते. गुरुवारी रात्री खरं बाहेर येतं, तोवर पलीकडच्या माणसानं त्याच्या वरिष्ठाला तारीख देऊन टाकलेली असते. वेळेवर दिलेला नकार हा कामाचाच भाग आहे, हे महाविद्यालयात शिकवलं जात नाही आणि पहिल्या नोकरीतही कोणी सांगत नाही.

मार्च २०२० नंतर हे सगळं थेट कोकणातल्या पडवीत आलं. टाळेबंदीत मुलं लॅपटॉप घेऊन गावी परतली. घरात रेंज नाही म्हणून सड्यावर जाऊन कॉल घेणारे तरुण दापोली-गुहागरच्या वाड्यांत दिसू लागले. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली, मंडणगडमध्ये विजेचे खांब आडवे झाले आणि काही गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढच्या वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीनं चिपळूण बुडवलं. अशा वेळी ज्या टीममध्ये रोजचं काम कुठवर आलं ते लिहून ठेवायची शिस्त असते, तिथं दुसऱ्या कोणाला ते पुढे नेता येतं. ज्या टीममध्ये ते एकाच्याच डोक्यात असतं, तिथं त्याचा फोन लागेपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसतं.

चांगल्या टीम काय करतात, हे आता गुपित राहिलेलं नाही. दिवस संपवताना एक पान लिहिलं जातं: काय झालं, काय अडलं, उद्या निर्णय कोणी घ्यायचा. तारीख ०५/०६ अशी लिहीत नाहीत, कारण अमेरिकेत तो मे महिना असतो आणि इथं जून. महिना अक्षरांत लिहिला जातो. वेळ लिहिताना शहराचं नावही लिहितात. फोनवर ठरलेलं त्याच दिवशी लेखी कळवतात. गिटलॅब ही कंपनी तर कार्यालयाविनाच चालते, आणि तिची कामाची हजारो पानांची नियमपुस्तिका कोणालाही वाचता येते. तरीही वर्षातून एकदा तरी माणसांनी एकमेकांना भेटावं, एकत्र जेवावं. एकदा ओळख झाली की पत्रातला रुक्ष शब्द टोचत नाही.

दिवाळीचे दिवस या बाबतीत विशेष जपण्याचे आहेत. युरोपातली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात, अमेरिकेतली नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या दिवसांत लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातला फरक पाच तासांऐवजी चारच उरतो आणि तिन्हीकडच्या बैठका चुकतात. त्यातच संध्याकाळी साडेसहा ही लक्ष्मीपूजनाचीही वेळ आणि न्यूयॉर्कच्या सकाळच्या बैठकीचीही. गणपतीचे दिवस, लक्ष्मीपूजन, भाऊबीज हे सगळं वर्षाच्या सुरुवातीलाच सामाईक कॅलेंडरवर टाकलं तर पलीकडचा माणूस बहुतेक वेळा समजून घेतो. त्याचा थँक्सगिव्हिंग आपणही तसा पाळतोच.

यातला सगळ्यात गंभीर मुद्दा रात्रीचा आहे. दोन्हीकडची माणसं एकत्र जागी असण्याचे तास मोजके, आणि ते जवळजवळ नेहमी इथल्या माणसाच्या झोपेतून, मुलांच्या अभ्यासातून, म्हाताऱ्या आईवडिलांच्या जेवणाच्या वेळेतून काढले जातात. कॅलिफोर्नियाशी काम असेल तर हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक पडतो, म्हणजे रात्र टळत नाही. २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीची कंपनीनं ठरवलेल्या कॅबच्या चालकानं साथीदारासह हत्या केली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना काम देताना त्यांची संमती घेणं आणि मालकानं सुरक्षेची व वाहनाची सोय करणं बंधनकारक केलं. नियम हवेतच. पण रात्रीची ती बैठक खरोखर लागते का, हा प्रश्न कायदा विचारू शकत नाही. तो टीम चालवणाऱ्यानं विचारायचा असतो.

हा लेख अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या अनेक मराठी घरांत पोहोचेल, आणि त्यांतले काही जण पुण्या-मुंबईतल्या टीमचे प्रमुख असतील. त्यांना एवढीच विनंती आहे की साप्ताहिक बैठक आलटून पालटून घ्यावी, एका आठवड्यात इथली संध्याकाळ मोडावी आणि पुढच्या आठवड्यात तिथली पहाट.