रॉक मशीन ते इंडस क्रीड : स्वतःच्या गाण्याची गोष्ट

गेल्या गॅदरिंगचा एक किस्सा तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. आम्ही चौघं स्टेजवर उभे होतो. दोन गिटार, एक उसना आणलेला ड्रमसेट आणि हॉस्टेलच्या गच्चीवर महिनाभर बसवलेलं आमचं स्वतःचं गाणं. पहिलं कडवं संपायच्या आत मागून आवाज आला, "ए भाऊ, ऐकलेलं वाजव की!" मग शिट्ट्या सुरू झाल्या. आम्ही गाणं अर्ध्यात सोडलं आणि एक सिनेमातलं गाणं उचललं. टाळ्या भरपूर पडल्या. पण त्या रात्री मेसमध्ये चौघांपैकी एकालाही जेवण गेलं नाही.

त्यानंतर मी एका बँडच्या मागे लागलो. जे मिळेल ते ऐकलं, वाचलं. कारण आमच्यापुढचा हा प्रश्न त्यांच्यापुढे चाळीस वर्षांपूर्वी मुंबईत उभा राहिला होता. तो बँड म्हणजे रॉक मशीन, म्हणजेच पुढचा इंडस क्रीड.

रॉक मशीन सुरू झाला १९८४ मध्ये. काही वर्षांत त्यात महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, उदय बेनेगल गायक, मार्क सेल्विन बेसवर, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर आणि मार्क मेनेझिस ड्रमवर अशी फळी जमली. त्या काळी कॉलेज फेस्टिव्हलमध्ये परदेशी बँडची गाणी वाजवायची पद्धत होती. अशा वाजवण्याला 'कव्हर' म्हणतात. नक्कल जितकी हुबेहूब, तितका बँड मोठा! रॉक मशीननेही सुरुवात कव्हरनेच केली. पण हळूहळू त्यांनी स्वतःची गाणी लिहायला घेतली. श्रोत्यांनी कधीही न ऐकलेली गाणी घेऊन स्टेजवर जाणं किती अवघड असतं, हे मी वेगळं सांगायला नको.

त्यांना एक आधार मिळाला. १९८६ पासून मुंबईत धोबी तलावजवळच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव भरू लागला. उघड्यावरचं थिएटर, समोर देशभरातून आलेली पोरं. असा कट्टा असला की नवीन गाणं एकदा नाही, दर वर्षी ऐकवता येतं. दुसऱ्यांदा ऐकलेलं गाणं नवीन राहत नाही, ते ओळखीचं होतं.

१९८८ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, 'रॉक अँड रोल रेनिगेड'. सगळी गाणी इंग्रजीत आणि स्वतःची. यातला बाज त्या दशकातल्या हार्ड रॉकचा आहे : जोरदार कोरस, चमकदार कीबोर्ड, मध्येच गिटारचा लांबलचक सोलो. १९९० मध्ये दुसरा अल्बम आला, 'द सेकंड कमिंग'. लक्षात घ्या, तेव्हा घरोघरी फक्त दूरदर्शन होतं आणि गाणी कॅसेटवर ऐकली जायची.

आता थोडं बाहेर डोकावू या. १९९१ मध्ये अमेरिकेत निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आणि पर्ल जॅमचा 'टेन' हे अल्बम आले आणि रॉकचं वारं फिरलं. चकचकीत कपडे आणि बोटांची कसरत मागे पडली. आवाज खरखरीत झाला, गाण्यात मनातली घुसमट आली. यालाच 'अल्टरनेटिव्ह रॉक' म्हणतात, म्हणजे रुळलेल्या वाटेला पर्याय. याच सुमारास भारतात सॅटेलाइट टीव्ही आला आणि त्याच्याबरोबर एमटीव्ही. काल आपल्याकडे ज्याची वाहवा होत होती, ते आज जगात जुनं झालंय हे घरबसल्या दिसायला लागलं.

अशा वेळी बँडने काय केलं? १९९३ मध्ये चक्क नाव बदललं. कमावलेलं नाव सोडायला हिंमत लागते राव! 'रॉक मशीन' हे नाव जगातल्या कुठल्याही बँडचं असू शकलं असतं. 'इंडस' म्हणजे सिंधू आणि 'क्रीड' म्हणजे श्रद्धा. गाणी इंग्रजीत असली तरी आपण कुठले, ते नावातच आलं. त्याच वर्षी त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्ही एशियाचा प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५ मध्ये 'इंडस क्रीड' याच नावाचा तिसरा अल्बम आला. त्यातलं 'ट्रॅप्ड' ऐकलं की आधीच्या हार्ड रॉकपासून बँड किती पुढे आलाय ते कळतं.

पण १९९५ हेच अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'चंही वर्ष. हिंदी पॉपची लाट आली आणि बाजार तिकडे वळला. माझ्या मते इंग्रजी रॉकसाठी जागा तिथेच आक्रसली. १९९७ मध्ये इंडस क्रीड फुटला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांनी 'आम्स फॉर शांती' नावाचा नवा बँड काढला.

मग सगळं वाया गेलं का? अजिबात नाही. मुंबईतल्याच पेंटाग्रामचं उदाहरण घ्या. विशाल ददलानी, जो पुढे सिनेमाचा संगीतकार म्हणून घराघरात पोचला, तो या बँडचा गायक. त्यांचा पहिला अल्बम १९९६ चा. २००५ मध्ये ते इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात वाजवून आले. स्वतःची गाणी वाजवणारा बँड आपल्याकडे उभा राहू शकतो, हे त्यांच्या आधी कोणीतरी करून दाखवलं होतं.

आणि गोष्ट इथे संपत नाही. २०१० मध्ये बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी ही तरुण मंडळी आली. २०१२ मध्ये चौथा अल्बम निघाला, 'इव्हॉल्व्ह'. त्याचं मिक्सिंग केलं टिम पामरने, म्हणजे ज्याने पर्ल जॅमचा 'टेन' मिक्स केला होता त्यानेच! फक्त आठ गाणी, पण सावकाश चढत जाणारी, जड, विचार करायला लावणारी. आधीच्या अल्बमनंतर तब्बल सतरा वर्षांनी.

हिशेब मांडा : २४ वर्षांत ४ अल्बम. आपण एका गॅदरिंगमध्ये नाद सोडतो.

कोणी म्हणेल, इंग्रजी गाण्यात 'आपलं' काय? मी कॉन्व्हेंटचा. संपादकांनी मराठीत लेख मागितला तेव्हा घाम फुटला होता, त्यामुळे हा प्रश्न मलाही पडतो. पण ज्या अंबाजोगाईत आपण राहतो, तिथे मुकुंदराजांची समाधी आहे. पांडित्य संस्कृतात चालायचं त्या काळात, शके १११० मध्ये, त्यांनी 'विवेकसिंधु' मराठीत लिहिला. आपल्याला जी भाषा येते त्यात आपलं म्हणणं मांडावं, एवढंच मला यातून कळतं. आमचं गाणं अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी आहे, कारण आम्ही बोलतोच तसे.

ज्यांना ऐकायचंय त्यांनी 'प्रिटी चाइल्ड'पासून सुरुवात करावी, मग 'ट्रॅप्ड', आणि शेवटी अख्खा 'इव्हॉल्व्ह' एका बैठकीत. हेडफोन नसेल तर आमच्या रूमवर या.

आणि हो, या गॅदरिंगला आम्ही तेच गाणं पुन्हा वाजवणार आहोत, शेवटपर्यंत. शिट्ट्या मारायच्या तर खुशाल मारा, फक्त गाणं संपल्यावर मारा. तुम्ही ते दुसऱ्यांदा ऐकत असाल, म्हणजे आता ते 'ऐकलेलं'च आहे!