निसेको येथील हिमहंगामाचा आरंभ

निसेको हे जपानच्या होक्काइदो बेटावरील, स्कीइंगसाठी प्रसिद्ध असलेले पर्वतीय पर्यटनक्षेत्र आहे. १,३०८ मीटर उंचीच्या निसेको अन्नुपुरीच्या उतारांवर ग्रँड हिराफू, हानाझोनो, निसेको व्हिलेज आणि अन्नुपुरी ही चार स्कीकेंद्रे असून समोर १,८९८ मीटर उंचीचा योतेई हा शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी आहे. ‘नुपुरी’ या ऐनू भाषेतील शब्दाचाच अर्थ पर्वत असा असल्याने ‘अन्नुपुरी पर्वत’ ही वस्तुतः द्विरुक्ती ठरते.

येथे हिम विपुल पडते. तथापि हंगामाच्या आरंभी, म्हणजे साधारणपणे नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या उत्तरार्धापर्यंत, किती हिम पडले यापेक्षा किती टिकले याला अधिक महत्त्व असते.

हिमवर्षावाचे कारण

निसेकोचे अक्षांश रोम शहराच्या अक्षांशाहून फारसे वेगळे नाहीत आणि येथील पर्वतही फार उंच नाहीत. तरीही एवढे हिम पडते, याचे कारण समुद्रात आहे. हिवाळ्यात सायबेरियावर थंड व कोरड्या हवेचा उच्चदाब निर्माण होतो आणि तेथून निघालेले वायव्येचे वारे जपानचा समुद्र ओलांडून येतात. त्सुशिमा या उष्ण प्रवाहामुळे हा समुद्र त्या हवेच्या तुलनेने बराच उबदार असतो. त्यामुळे हवा खालून तापते, बाष्प घेते, तिच्यात ढगांचे लांब पट्टे तयार होतात आणि किनाऱ्यालगतच्या डोंगरांवर चढताना ती आपले बाष्प हिमाच्या रूपाने सोडते.

हिमस्फटिकाचा आकार हवेचे तापमान आणि तिच्यातील बाष्प यांवर ठरतो, हे होक्काइदो विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ नाकाया उकिचिरो यांनी दाखवून दिले. त्यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक तयार केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अन्नुपुरीच्या शिखरावर विमानांवर बर्फ साचण्यासंबंधीचे संशोधनही त्यांच्या मार्गदर्शनाखाली झाले.

पडणारे हिम आणि टिकणारे हिम

निसेकोचे ताजे, कोरडे हिम बहुतांशी हवाच असते. रात्रीतून गुडघाभर पडलेला थर स्वतःच्या भाराने दबून काही दिवसांत बराच कमी होतो. आरंभीच्या काळात जमीन पुरेशी गोठलेली नसते. मध्येच एखादा उबदार दिवस किंवा पाऊस आला, तर खालच्या उतारांवरचे हिम वितळूनही जाते. म्हणून हिमवर्षावाच्या आकड्यांची बेरीज करून उतारावरील हिमाची खोली काढता येत नाही.

जपानी भाषेत या भेदासाठी ‘नेयुकी’ असा सुरेख शब्द आहे. ‘ने’ म्हणजे मूळ आणि ‘युकी’ म्हणजे हिम. जे पडून वितळत नाही, वसंतापर्यंत जमिनीला धरून राहते, ते मूळ धरलेले हिम. हवामानशास्त्रात किमान ३० दिवस टिकणाऱ्या हिमाच्छादनास दीर्घकालीन आच्छादन मानतात. स्कीइंगचा खरा हंगाम या नेयुकीपासून सुरू होतो.

सासा आणि झाकलेले ओढे

येथील उतारांवर ‘सासा’ नावाचे बुटके बांबू दाट वाढतात. त्यांतील चिशिमा-झासा ही जात माणसाहून उंच होऊ शकते. तिची खोडे बुडाशी वाकलेली व लवचीक असल्याने हिमाच्या भाराने ती मोडत नाहीत, तर आडवी होतात आणि वसंतात पुन्हा उभी राहतात. हिवाळ्यातील कडाक्याच्या थंडीपासून हिमच त्यांचे रक्षण करते.

डिसेंबरच्या प्रारंभी हे बांबू अर्धवट आडवे झालेले असतात. वरून उतार शुभ्र व सपाट दिसतो. आत मात्र खोडांमध्ये पोकळी असते आणि तिच्यात स्की अडकते. ओढ्यांवर हिमाचे पूल अद्याप पक्के झालेले नसतात, काही ठिकाणी नुसता पातळ पडदा असतो. शिवाय आडव्या पडलेल्या गुळगुळीत खोडांवरून हिमाचा संपूर्ण थर जमिनीपासून सुटून घसरू शकतो. हे हिमस्खलन वरच्या ताज्या थरापुरते नसून तळापासूनचे असते.

हंगाम उघडणे

लिफ्ट प्रथम खालच्या, दाबून सपाट केलेल्या मार्गांवर सुरू होतात. वरच्या लिफ्ट हिम साचेल तसतशा. नागानो प्रांतातील कारुइझावा येथे नैसर्गिक हिम कमी असूनही कृत्रिम हिमाच्या आधारे नोव्हेंबरच्या आरंभीच स्कीइंग सुरू होते. हिमासाठी विख्यात असलेले निसेको मात्र मुख्यतः नैसर्गिक हिमावर विसंबून असल्याने त्याला थांबावे लागते.

केंद्रांच्या सीमेबाहेरील उतारांवर जाण्यासाठी ठरावीक दारे आहेत. ‘निसेको नियम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थानिक नियमांनुसार बाहेर केवळ या दारांतूनच जाता येते. दोराखालून जाणे किंवा बंद दार ओलांडणे निषिद्ध आहे. बाहेर अडकलेल्यांच्या शोधाचा व सुटकेचा खर्च त्यांच्याकडूनच वसूल केला जातो. हिमस्खलनाच्या स्थितीची माहिती हंगामात दररोज सकाळी प्रसिद्ध होते. दार उघडण्याची तारीख पूर्वनियोजित नसते; हिमाची खोली, वारा आणि दृश्यता पाहून त्या त्या दिवशी निर्णय होतो, आणि एकदा उघडलेले दार वादळ आल्यास पुन्हा बंद केले जाते.