पेडल नाही, पण क्लच आहेत!

ऑटोमॅटिक गाडीत क्लचचे पेडल नसते, म्हणून क्लचही नसतो, असा समज गिऱ्हाइकांतच नव्हे तर काही मिस्त्रींमध्येही आम्हाला आढळतो. मग गाडी 'स्लिप मारते' म्हटले की थेट गिअरबॉक्स उतरवला जातो आणि बिल फुगते. आतली रचना ठाऊक असेल तर पुष्कळदा ही पाळी येत नाही.

अशा गाडीत इंजिनाला लागून टॉर्क कन्व्हर्टर असतो. तो तेलाच्या प्रवाहाने ताकद पुढे देतो. गिअर बदलणारे क्लच त्याच्या मागे, गिअरबॉक्सच्या पोटात असतात. ड्रममध्ये एक अस्तर लावलेली प्लेट, मग एक साधी पोलादी प्लेट अशी चळत असते. एकीचे दाते आतल्या हबमध्ये अडकतात, दुसरीचे बाहेरच्या ड्रममध्ये. तेलाच्या दाबाने पिस्टन पुढे सरकला की चळत आवळते आणि हब व ड्रम एकत्र फिरतात. असे क्लच अनेक असतात. कोणता आवळला, कोणता सोडला, यावर प्लॅनेटरी गिअरमधून पहिला, दुसरा की रिव्हर्स हे ठरते.

खरी मेख पुढेच आहे. साध्या गाडीत स्प्रिंग क्लच आवळून धरते आणि पेडल तो सोडवते. येथे नेमके उलटे: तेल आवळते, स्प्रिंग सोडवते. तेल कमी पडले, फिल्टर तुंबला किंवा पिस्टनचे रबरी सील कडक झाले की दाब घटतो, प्लेटा घसरतात आणि जळतात. सील जुनेच ठेवून नुसत्या प्लेटा बदलल्या तर नव्याही जळणार, आणि गिऱ्हाईक दोष उस्तादाला देणार!

म्हणून आधी तेलाची पातळी, रंग आणि वास पाहावा, मग गेज लावून दाब मोजावा. लाल तेल म्हणजे सगळे एकच, हेही खरे नाही. कंपनीने सांगितलेलेच घालावे. अस्तराच्या नव्या प्लेटा बसवण्यापूर्वी त्याच तेलात भिजवाव्यात आणि चळतीतील फट फीलर गेजने तपासावी.

२०१४ साली मारुतीने सेलेरिओत आणलेली एएमटी मात्र वेगळी. तिच्यात साधाच गिअरबॉक्स आणि आपल्या ओळखीची कोरडी क्लचप्लेट असते. फक्त पायाचे काम यंत्र करते. ती प्लेट बदलणे जुन्या कारागिराला अवघड नाही. पण बदलल्यावर क्लच कोठे पकडतो, हे स्कॅनर लावून गाडीला पुन्हा शिकवावे लागते.