किल्ल्यांच्या जुडग्यात मावणारी भेट : स्वस्त साधने घेताना काय पाहावे

नवी दिल्ली : दिवाळीपासून नाताळ आणि नववर्षापर्यंतच्या दिवसांत भेट द्यायची माणसे पुष्कळ असतात, माणशी खर्चता येईल अशी रक्कम बेताची असते आणि मिठाईचा आणखी एक डबा बहुतेकांना नकोसा झालेला असतो. भाऊबीजेला भावासाठी, कार्यालयातील सहकाऱ्यांसाठी, इमारतीच्या सुरक्षारक्षकासाठी किंवा परगावी शिकणाऱ्या भाचीसाठी काय घ्यावे, या विचारात असलेल्यांसमोर बाजार हल्ली एक सोपे उत्तर ठेवतो. ते म्हणजे कीचेनला अडकवायची छोटी साधने. चिमुकली विजेरी, घडीचे बहुउपयोगी अवजार, हरवलेली किल्ली शोधून देणारा टॅग, धोक्याच्या वेळी कर्कश वाजणारा अलार्म अशा वस्तू शे-दोनशे रुपयांपासून हजार-दीड हजारांपर्यंत मिळतात. त्यांतील काही वर्षानुवर्षे खिशात राहतात, तर बऱ्याचशा पाडव्याआधीच टेबलाच्या खणात जातात. काही थोड्या मात्र घरात धोका घेऊन येतात आणि खरेदीपूर्वी त्यांचा विचार सहसा होत नाही.

जी वस्तू किल्लीबरोबर रोज बाहेर पडते, ती गरजेच्या क्षणी हाताशी असते, हे या साधनांचे खरे बळ आहे. घरातली मोठी विजेरी कितीही प्रखर असली तरी जिन्यातला दिवा गेलेला असताना ती कपाटात असते. अमेरिकी सैन्यासाठी १९४२ मध्ये तयार झालेले ‘पी-३८’ हे डबा उघडण्याचे साधन याचे जुने उदाहरण आहे. जेमतेम ३८ मिलिमीटर लांबीचा, बिजागरीने दुमडणारा हा पत्र्याचा तुकडा शिध्याचे डबे उघडण्यासाठी दिला जाई. सैनिकांनी तो गळ्यातील ओळखपट्टीच्या साखळीत अडकवला आणि निवृत्तीनंतर अनेकांनी किल्ल्यांच्या जुडग्यात ठेवला. स्वित्झर्लंडमधील इबाख येथे १८८४ मध्ये सुरू झालेल्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचा ‘क्लासिक’ हा ५८ मिलिमीटरचा चाकूही असाच लोकप्रिय झाला. लहान पाते, कात्री, टोकाला स्क्रू ड्रायव्हर असलेली नखांची कानस, चिमटा आणि दातकोरणी एवढाच त्याचा संसार आहे. भारतात हेच काम रेल्वेच्या डब्यात विकल्या जाणाऱ्या साखळीच्या नेलकटरने अनेक वर्षे केले आणि उपयोगाच्या कसोटीवर ते आजही अनेक महागड्या वस्तूंना मागे टाकते.

याउलट ‘अठरा कामे एका पट्टीत’ अशी जाहिरात करणाऱ्या पोलादी पट्ट्यांबाबत सावध राहिलेले बरे. त्यांतील पाना एखाद-दुसऱ्याच मापाच्या नटाला बसतो, मोजपट्टी चार सेंटिमीटरची असते आणि न घासलेल्या कडा खिशाचे अस्तर फाडतात. दोनच कामे नीट करणारे अवजार अठरा कामे अर्धवट करणाऱ्यापेक्षा जास्त वापरले जाते.

विजेरी ही या प्रकारातील सर्वांत निर्धोक निवड मानली जाते. तिच्या वेष्टनावरील प्रकाशाचे आकडे मात्र जपून वाचावे लागतात. प्रकाशाचे एकूण प्रमाण ल्युमेन या एककात मोजतात. कुलूप शोधण्यासाठी पाच-दहा ल्युमेन पुरतात आणि अंधाऱ्या गल्लीत चालण्यासाठी पन्नासच्या आसपास पुरेसे असतात. हजारो ल्युमेनचा दावा करणाऱ्या बोटभर विजेरीवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही; तेवढी उष्णता बाहेर टाकायला त्या आकारात जागाच नसते. प्रखरतेपेक्षा ती कशावर चालते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. अतिस्वस्त विजेऱ्यांमध्ये तीन-चार छोटे बटण सेल असतात. ते संपले की नव्यांची किंमत विजेरीच्या किमतीच्या जवळ जाते आणि विजेरी कचऱ्यात पडते. थोडे अधिक पैसे देऊन यूएसबी-सी तारेने चार्ज होणारी विजेरी घेतली, तर घेणाऱ्याला फोनचाच चार्जर वापरता येतो आणि घरात सुटे सेलही येत नाहीत. लहान मुले असलेल्या घरासाठी हा दुसरा फायदा पहिल्यापेक्षा मोठा आहे.

बटण सेलचा धोका पुरेशा गांभीर्याने घेतला जात नाही. लुकलुकणाऱ्या कीचेनमध्ये, टॅगमध्ये, अलार्ममध्ये आणि लेझर दिव्यात हे सेल सर्रास असतात. त्यांवरील अंकांतच त्यांचे माप दिलेले असते. ‘सीआर २०३२’ म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा, ३ व्होल्टचा लिथियम सेल. आकाराने तो साधारण रुपयाच्या नाण्याएवढा असतो आणि याच आकारामुळे लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकू शकतो. तेथे ओलसर पेशींमधून वीजप्रवाह सुरू होतो आणि ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होऊन ऊती जळू लागतात. गंभीर इजा व्हायला दोन तासही पुरतात. सेल फुटलेला किंवा गळका असण्याची गरज नसते. विजेरी पेटवू न शकणारा, ‘संपला’ म्हणून काढून ठेवलेला सेलही इजा करण्याइतका भारित असतो. मूल बोलते नसेल तर लाळ गळणे, खाण्यास नकार, खोकला किंवा ओकारी एवढीच लक्षणे दिसतात आणि सणाच्या दिवसांत ती फराळाच्या अजीर्णाची समजली जाण्याची शक्यता असते.

मुलाने सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ नेणे आवश्यक असते. एक्स-रेमध्ये सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसते आणि त्यावरून डॉक्टर तो नाण्यापासून वेगळा ओळखतात. उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, गिळता येत असेल आणि घटना बारा तासांच्या आतील असेल, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा द्यावा, असा सल्ला अमेरिकेतील विषबाधा नियंत्रण केंद्र देते. मधामुळे जळण्याची क्रिया मंदावते. ती थांबत नाही. त्यामुळे मध शोधण्यात वेळ घालवणे योग्य नाही. वर्षाखालील बाळाला मध देऊ नये.

ऑस्ट्रेलियाने बटण सेल असलेल्या वस्तूंसाठी सक्तीची सुरक्षा मानके जून २०२२ पासून लागू केली. अमेरिकेत त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘रीज लॉ’ हा कायदा झाला. अवजाराशिवाय किंवा दोन स्वतंत्र हालचाली एकाच वेळी केल्याशिवाय सेलचा कप्पा उघडू नये, हे त्यामागील सूत्र आहे. दुकानात वस्तू पारखतानाही हेच सूत्र उपयोगी पडते. झाकण नखाने निघत असेल किंवा वस्तू पडल्यावर सेल बाहेर येत असेल, तर ती परत ठेवावी. झाकणाला स्क्रू असेल तर ती चालेल. कार्टूनच्या आकाराची, लुकलुकणारी कीचेन मुलांच्या खेळण्यासाठी विकली जात असेल, तर ती खेळण्यांच्या नियमांत येते. १ जानेवारी २०२१ पासून देशात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे.

घडीच्या चाकूबाबतचे प्रश्न वेगळे आहेत. शस्त्र नियमांनुसार घरगुती किंवा शेतीच्या वापराव्यतिरिक्तच्या, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या धारदार वस्तू नियंत्रणाच्या कक्षेत येतात. कीचेनचे पाते त्याच्या जवळपासही जात नाही. तथापि, बटण दाबताच उघडणाऱ्या चाकूंकडे कायदा अधिक कठोरपणे पाहतो. दिल्लीत लागू असलेल्या १९८० च्या अधिसूचनेत अशा चाकूंसाठी ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदीची मर्यादा आहे. भेट म्हणून कमानीचा चाकू टाळणे म्हणूनच शहाणपणाचे. नखाने उघडावे लागणारे छोटे पाते पुरेसे असते.

भेट मिळालेल्या माणसाची खरी गैरसोय होते ती विमानतळावर. हातातील सामानात चाकू नेता येत नाही. पाते कितीही लहान असले तरी नियम तोच आहे. किल्ल्या मात्र सर्वजण हातातच बाळगतात. त्यामुळे आवडीने दिलेले अवजार सुरक्षा तपासणीच्या टेबलावर सोडावे लागते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये छोट्या चाकूंना विमानात परवानगी देण्याचे ठरवले होते. परंतु विमान कर्मचाऱ्यांसह अनेकांच्या विरोधानंतर त्याच वर्षी जूनमध्ये तो विचार सोडून दिला. परदेशी किंवा परराज्यात ये-जा करणाऱ्या नातेवाइकासाठी पाते नसलेले अवजार पाहावे, किंवा एका झटक्यात सुटणारी कडी सोबत द्यावी, म्हणजे अवजार काढून नोंदणीकृत सामानात टाकता येईल. चाकू भेट दिल्याने मैत्री तुटते, असा समज युरोपात जुना आहे आणि त्यावर तोड म्हणून घेणारा देणाऱ्याला एक नाणे परत करतो. तपासणी अधिकाऱ्यांपुढे अशी कोणतीही तोड चालत नाही.

कीचेनच्या आकाराच्या पॉवर बँकेसाठी नियम नेमका उलटा आहे. ती हातातील सामानातच न्यावी लागते. नोंदणीकृत सामानात टाकता येत नाही. १०० वॅट-तासांची मर्यादा इतक्या लहान वस्तूला अडचणीची ठरत नाही. अडचण आहे ती अपेक्षेची. १,००० एमएएचची पॉवर बँक ५,००० एमएएचचा फोन पाचव्या हिश्शाइतकाही भरू शकत नाही, कारण रूपांतरणात बरीच ऊर्जा वाया जाते. ‘एक तातडीचा फोन करता येईल’ एवढ्याच आशेने ती द्यावी. तिच्यावर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक असणे बंधनकारक आहे.

किल्ली शोधून देणाऱ्या टॅगविषयी गैरसमज अधिक आहेत. बहुसंख्य टॅगमध्ये जीपीएस नसते. टॅग ब्लूटूथचा क्षीण संदेश सोडत राहतो आणि जवळून जाणाऱ्या इतरांच्या फोनमार्फत त्याचे ठिकाण मालकाला कळते. म्हणून तो मुंबईच्या लोकलमध्ये उत्तम चालतो आणि निर्मनुष्य घाटात गप्प होतो. ॲपलने २०२१ मध्ये आणलेला एअरटॅग केवळ आयफोनधारकांसाठी आहे. शिवाय त्याला कडी अडकवण्यासाठी छिद्र नाही, त्यामुळे धारक वेगळा विकत घ्यावा लागतो. जिओने २०२४ मध्ये आणलेल्या दोन टॅगपैकी ‘एअर’ ॲपलच्या आणि ‘गो’ गुगलच्या जाळ्याशी जुळतो. समोरची व्यक्ती कोणता फोन वापरते, हे विचारल्याशिवाय टॅग घेण्यात अर्थ नाही.

टॅग देणाऱ्याने तो स्वतःच्या फोनशी जोडून देऊ नये. तसे केल्यास घेणाऱ्याचा प्रत्येक प्रवास देणाऱ्याला दिसत राहतो. ॲपल आणि गुगल यांनी मे २०२४ पासून अनोळखी टॅग सोबत फिरत असल्यास फोनवर सूचना देण्याची समान व्यवस्था लागू केली, ती याच गैरवापरामुळे. स्त्रीचा पाठलाग करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. टॅग बंद खोक्यातच द्यावा आणि जोडणी घेणाऱ्याने करावी. पेन ड्राइव्हबाबत सावधगिरी निराळी आहे. अविश्वसनीय स्वस्तात मिळणाऱ्या ‘दोन टीबी’च्या कीचेन ड्राइव्हमध्ये क्षमतेचा आकडा खोटा नोंदवलेला असू शकतो. खरी जागा भरली की नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात आणि हे लक्षात येईपर्यंत लग्नाची छायाचित्रे गेलेली असतात.

या साऱ्या वस्तू एकाच कडीत अडकवण्याचा मोह होतो. किल्ली फिरवून सुरू होणाऱ्या गाड्यांमध्ये जड जुडगा सतत हिंदकळून इग्निशन स्विचवर ताण टाकतो. अमेरिकेत जनरल मोटर्सने २०१४ मध्ये सदोष इग्निशन स्विचमुळे सुमारे २६ लाख गाड्या परत मागवल्या. किल्ली चालत्या गाडीत जागेवरून सरके, इंजिन बंद पडे आणि अपघातात एअरबॅग उघडत नसत. भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. दोष स्विचचा होता, कीचेनचा नव्हे. तरीही दुरुस्ती होईपर्यंत कडीतील बाकी सर्व काढून केवळ किल्ली वापरावी, अशी सूचना मालकांना देण्यात आली होती. दुचाकी किंवा जुनी मोटार चालवणाऱ्याला भेट द्यायची असेल, तर वीस-तीस ग्रॅमपेक्षा जड काही देऊ नये आणि गाडीची किल्ली वेगळी करता येईल अशी दुहेरी कडी निवडावी.

खरेदी रस्त्यावरून असो वा संकेतस्थळावरून, बंद वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश आणि तक्रारीसाठी संपर्क असणे वैधमापन नियमांनुसार आवश्यक आहे. यांपैकी काहीच नसेल तर वस्तू बिघडल्यावर दाद मागायला कोणी उरत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. सेलवर चालणारी वस्तू भेट देताना खोक्यात एक ओळीची चिठ्ठी ठेवता येते : सेल कोणत्या मापाचा आहे, आणि बदलल्यावर जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवून ई-कचरा संकलनात द्यावा.